चौकटीतील बाईसाहेब
(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलामुलींनी राणी लक्ष्मीबाईंची चित्रकथा काढावी आणि मी त्यांना साहाय्य करावे, असे मुख्याध्यापकांनी सुचविले, तेव्हा काम सोपे वाटले. ग्वाल्हेरच्या मुलांना फूलबागेतील समाधी काही नवी नाही. माझी पिढी तर अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्रकथेवर वाढली. घोडा, उगारलेली तलवार, पाठीशी बांधलेले तान्हे मूल, हे चित्र आम्ही डोळे मिटूनही काढू. मुलांनी पहिल्या दिवशी तेच काढून आणले.

अडचण तेथूनच सुरू झाली. गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यू समोर दिसत असताना, आनंदरावास दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. बाईसाहेबांनी झाशी सोडली ती ४ एप्रिल १८५८ च्या रात्री. हिशेब सरळ आहे. पाठीशी तान्हे मूल नव्हते, आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. एका मुलीने तिसरीतील आपल्या भावाला ओढणीने पाठीशी बांधून वर्गात चालून पाहिले. चार पावलांत ती खाली बसली. त्यानंतर तिने काढलेल्या चित्रात मुलाचे पाय घोड्याच्या कुशीपर्यंत लोंबतात, आणि बाईसाहेब किंचित पुढे वाकलेल्या आहेत. माझ्या मते साऱ्या चित्रकथेतील ते सर्वांत खरे चित्र आहे.

किल्ल्यावरून घोड्यासह मारलेल्या उडीचा प्रश्न याहून नाजूक. झाशीच्या किल्ल्यावर ती जागा पाटी लावून दाखवितात. इतिहासग्रंथ सांगतात, की बाईसाहेब मोजक्या स्वारांनिशी रात्री भांडेरी दरवाजाने बाहेर पडल्या. मुलांना उडी सोडवेना. मलाही सोडवत नव्हती, हे कबूल करतो. उडीला एक चौकट पुरते. वेढा पडलेल्या शहरातून अंधारात निसटायला दोन पाने लागतात. अखेरीस दोन पाने दिली.

सर्वांत कठीण पान जोखनबागेचे होते. जून १८५७ मध्ये झाशीच्या किल्ल्यातून अभयाच्या वचनावर बाहेर पडलेले सुमारे साठ युरोपीय, बायका-मुलांसह, तेथे मारले गेले. राणीने हुकूम दिल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. तिने इंग्रज अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत दोष शिपायांवर ठेवला आहे. गद्यात ‘याविषयी मतभेद आहेत’ असे लिहून पुढे सरकता येते. चित्रात ती सोय नाही. बाईसाहेब कोठे उभ्या होत्या, चेहरा कसा होता, हे काढणाऱ्याला ठरवावेच लागते. एका पालकांनी मला विचारले, की महोत्सवात हे पान हवे कशाला? त्यांचा हेतू शुद्ध होता. पण पुढच्या पानांवर एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीत केलेली कत्तल आहे. ती दाखवायची आणि ही गाळायची, असे मुलांना कोणत्या तोंडाने सांगू? मुलांनी मार्ग काढला. त्या पानावर बाईसाहेब दिसतच नाहीत; वाड्याचा बंद दरवाजा, धावत आलेला हरकारा, आणि शेवटच्या चौकटीत पत्र लिहिणारा एक हात.

येथे मला कॅनडातील एका पुस्तकाचा आधार मिळाला. तेथील मेती समाजाचा पुढारी लुई रिएल याने १८६९ आणि १८८५ मध्ये, दोनदा, सरकारविरुद्ध उठाव केला आणि १८८५ च्या नोव्हेंबरात तो फासावर गेला. चेस्टर ब्राऊन या चित्रकाराने त्याचे चरित्र चित्रकथेत मांडले. २००३ मध्ये ते ग्रंथरूपाने आले. पुस्तकाच्या शेवटी ब्राऊन टिपा देतो. कोठे प्रसंग जुळवून घेतला, कोठे माणसे कमी केली, हे स्वतःच सांगतो. पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांना आपण खलनायकासारखे रंगविले, पण ते तसे होते असे आपल्याला वाटत नाही, हेही लिहून टाकतो! आमच्या मुलांनीही अशा टिपांचे एक पान जोडले आहे. भांडेरी दरवाजा आणि उडी, दोन्ही त्यात आहेत.

ब्राऊनची आणखी एक युक्ती उपयोगी पडली. रिएलचे लोक फ्रेंच बोलत. पुस्तक इंग्रजी, म्हणून फ्रेंच संवाद तो वेगळ्या कंसांत घालतो. आपल्या बाईसाहेब कोणत्या भाषेत बोलत? काशीत जन्मलेली, झाशीत नांदलेली मराठी मुलगी. झाशी देणार नाही, हा तिचा निर्धार जॉन लँग या वकिलाने आपल्या इंग्रजी पुस्तकात हिंदुस्थानी शब्दांत नोंदविला आहे. म्हणून फौजेशी, रयतेशी बोलताना फुग्यात हिंदी घातली. घरी एक आणि रस्त्यावर दुसरी भाषा बोलणाऱ्या आमच्या मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही.

मराठी फुगे त्यामुळे थोडेच उरले. त्यांतील एक विष्णुभट गोडसे यांच्याशी बोलतानाचा. वरसईचे हे भटजी द्रव्यार्जनासाठी उत्तरेत आले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना बाईसाहेब भेटल्या. अंगावर पठाणी पोशाख, सर्वांग धुळीने माखलेले, घसा कोरडा. भटजी पाणी काढून देऊ लागले, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, असे म्हणून त्यांनी स्वतः पाणी शेंदले.

या चौकटीत तलवार नको, असे मुलांनीच ठरविले. फळ्यांच्या रांगेत ती शेवटून दुसरी आहे. विहिरीचा दोर तीन वेळा खोडून पुन्हा काढलेला आहे. जवळ जाऊन पाहिलेत तर जुन्या पेन्सिलीच्या रेघा अजून दिसतील.