बाबूराव पेंटरांची कार्यशाळा आणि ‘प्रभात’

स्वतःचा व्यवसाय उभारण्याचे शिक्षण उत्तम गुरूच्या हाताखाली कसे मिळते, हे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दिसते. तिचे संस्थापक बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. चित्रपटाच्या ध्यासाने त्यांनी आपले सहकारी दामले यांच्या साहाय्याने कॅमेराच घरच्या घरी तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

तिथे वर्ग नव्हते, वेळापत्रक नव्हते. पडदे रंगवणे, सेट उभारणे, फिल्म धुणे, वेळ पडल्यास तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभे राहणे. पडेल ते काम करता करता माणूस घडे. हरकाम्या म्हणून आलेले व्ही. शांताराम १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तरुण शेतकरी झाले. एकाच कामात अडकून न पडल्यामुळे या मंडळींना अख्खा धंदा कळला, आणि हीच खरी मिळकत होती.

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे सहकारी या कंपनीतून बाहेर पडले. भांडवल सीताराम कुलकर्णींनी पुरवले, आणि कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही त्यांची स्वतःची चित्रपट कंपनी सुरू झाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा पुढे १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.