एक दिवस आधीची बरसी

माझी अम्मी १२ मार्च २००९ रोजी गेली. गेल्या वर्षी माझ्या भाचीनं न्यू जर्सीत नानीची फातेहा ११ मार्चलाच दिली. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याहून फोन केला, तेव्हा ती रडायलाच लागली. तिच्या मोबाइलवर तारीख ११ होती. तीच नोंद माझ्या मोबाइलवर १२ दाखवत होती.

हा घरगुती प्रोग्रॅम माझ्या भाच्यानं लिहिलेला. कुणाचा जन्म, कुणाचा निकाह, कोण कधी गेलं, हे घरातल्या सगळ्यांना दिसावं म्हणून. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, पण त्याला समोर बसवून विचारलं, ‘‘तारीख बदललीच कशी?’’

‘‘मामू, मी तारीख ठेवलीच नाही, क्षण ठेवला.’’

बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. त्या वेळी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. पठ्ठ्यानं अम्मीची तारीख ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून ठेवली. प्रत्येक मोबाइल तो क्षण आपापल्या गावच्या घड्याळात बसवून दाखवी. पुण्यात १२ मार्चची पहाट व्हायची, तारीख शाबूत. न्यू जर्सीत मात्र ११ मार्चच्या रात्रीचे आठ! पुण्यात बसून तपासणाऱ्याला ही चूक दिसणार कशी?

फोन कधी आला, पैसे कधी जमा झाले, हे क्षण आहेत; ते ग्रीनिचच्या हिशेबात खुशाल ठेवावेत. जन्मतारीख क्षण नव्हे. आणि पुढच्या वर्षी सकाळी दहाला ठरलेली बैठक? तिथं ‘दहा’ आणि गावाचं नाव, दोन्ही लिहून ठेवावं लागतं, कारण घड्याळाचे कायदे सरकारं बदलतात. सामोआ देशानं तर २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळून टाकला. मुंबईचंही १९०६ नंतर कितीतरी वर्षं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, देशाच्या घड्याळाहून ३९ मिनिटं मागे.

भाच्यानं आता वर्ष, महिना, दिवस असे नुसते तीन आकडे ठेवलेत. कुठल्याही देशात उघडा, १२ म्हणजे १२. हे आधी का नाही सुचलं, म्हणून मी त्याला थोडं रागावलोही. भाचीचं रडणं माझ्या कानातून गेलं नव्हतं.

पण एक भानगड उरलीच. अम्मी गेली ती गुरुवारी, मगरिबनंतर. हिजरी हिशेबात सूर्य मावळला की पुढचा दिवस लागतो. पालिकेच्या दाखल्यावर गुरुवार आहे. माझी खाला मात्र आजही सांगते, ‘‘आपा जुम्म्याला गेली.’’ अम्मीला जुम्मा लाभला, हाच तिचा दिलासा.

भाच्यानं विचारलं, ‘‘मामू, हे कुठल्या रकान्यात भरू?’’

म्हटलं, ‘‘शेऱ्यात लिही.’’