रायवळ, हापूस आणि निसर्गाची निवड



उत्क्रांतिवादाचें नांव निघालें कीं आपल्याकडे लगेच माकडाची गोष्ट निघते आणि मूळ विचार बाजूस राहतो. तो समजावयास रत्नागिरीच्या एखाद्या आंबराईपर्यंत गेलें तरी पुरे.

एकाच रायवळ आंब्याच्या दहा कोया पेरा. दहा झाडें उगवतील, पण त्यांचीं फळें सारखीं नसतील. एकाचें गोड, दुसऱ्याचें आंबट, तिसऱ्याचें नुसतें धाग्यांचें. हा भेद हेंच निसर्गाचें भांडवल. जन्मास येणारे सारेच जीव जगत नाहींत. ज्यांच्यांतील भेद त्या परिस्थितीस अनुकूल असतो, त्यांची संतति अधिक उरते व तोच गुण पुढें नेते. असें हजारों पिढ्या चाललें म्हणजे जातच पालटते. यास कोणी 'बळी तो कान पिळी' म्हणतात, तें बरोबर नाहीं. येथें बळापेक्षां अनुरूपतेला मोल आहे.

डार्विन व वॉलेस यांचे या विषयावरील लेख १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनिअन सोसायटींत वाचले गेले. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं निघाला. त्याचा आरंभ माणसानें पाळलेल्या पशुपक्ष्यांपासून, विशेषतः कबुतरांपासून, आहे. माणूस निवड करितो तशी निसर्गहि करितो, मात्र हेतूवांचून.

हापुसाची कथा निराळी. त्याची कोय पेरल्यास हापूसच मिळेल असें नाहीं, म्हणून आपण कलमें बांधतों. कलम ही नवी पिढी नव्हे. जुन्याच झाडाची फांदी ती, दुसऱ्याच्या मुळावर वाढविलेली. चव टिकली, पण भेद जवळजवळ गोठला. मोहोरावरील तुडतुड्यांच्या मात्र वर्षांत एकाहून अधिक पिढ्या होतात. एकच औषध वारंवार फवारलें कीं बहुतेक मरतात. ज्या थोड्यांस तें बाधत नाहीं, त्यांचाच वंश वाढतो. औषध किड्यास कणखर करीत नाहीं, कणखर तेवढे वेंचून ठेवतें. म्हणून औषधांचा वर्ग आलटूनपालटून वापरावा, असें तज्ज्ञ सांगतात.

हापुसांतील साक्याचा दोषहि कलमाबरोबर पुढें जातो. कोंकण कृषि विद्यापीठानें १९८१ सालीं प्रसारित केलेली, नीलम व हापूस यांच्या संकरांतून निघालेली 'रत्ना' मात्र साक्यापासून मुक्त आहे. कारण तेथें खरोखर नवी पिढी जन्मली. अशा संकरासाठीं उद्यां कोणता गुण लागेल, हें आज कोणास ठाऊक? तरीहि बांधावरचीं रायवळ झाडें आपण फळ्यांसाठीं खुशाल तोडतों.