दहावीचा रोजमेळ
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



माघ-फाल्गुनाच्या सुमारास महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत वेगळीच शांतता पसरते. टीव्ही बंद होतो, पाहुण्यांची ये-जा थांबते, स्वयंपाकघरातही हलक्या आवाजात बोलणे सुरू होते. घरात दहावीचा विद्यार्थी आहे, एवढे कारण त्यास पुरते. ही शांतता स्तुत्यच होय. मात्र ती जूनपासून लाभली असती, तर फेब्रुवारीत तिचे दडपण वाटले नसते.

व्यापारात एक साधा नियम आहे : रोजमेळ रोज जुळवावा. आजची पाच रुपयांची चूक आज दोन मिनिटांत सापडते. वर्षअखेरीस तिच्यासाठी रात्र जागवावी लागते. अभ्यासाचेही तसेच आहे. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे कच्ची राहिली, तर दहावीच्या बीजगणितात ती पहिल्याच प्रकरणात पुन्हा समोर उभी राहतात. थकबाकी आपोआप फिटत नाही.

2021 साली या नियमाचा प्रत्यय साऱ्या महाराष्ट्राला आला. कोरोनाच्या साथीमुळे दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. त्या वर्षी नववीच्या निकालास 50, दहावीच्या शाळांतर्गत लेखी मूल्यमापनास 30 आणि गृहपाठ, तोंडी व प्रात्यक्षिकांस 20 असे गुण देऊन निकाल लावण्यात आला. ज्या वह्यांकडे एरवी कोणी फिरून पाहिले नसते, त्याच वह्या गुणपत्रिका ठरल्या.

आता पूर्वपरीक्षेविषयी. तपासलेली उत्तरपत्रिका हाती येताच विद्यार्थी गुण पाहतो आणि तिची घडी घालून दप्तरात ठेवतो. वास्तविक तिच्याइतका चांगला शिक्षक दुसरा नाही. गेलेल्या प्रत्येक गुणाची नोंद तीन रकान्यांत करावी : मुळात न आलेले, येत असून चुकलेले आणि वेळेअभावी राहिलेले. पहिल्या रकान्यावर इलाज शिक्षकांकडे आहे. तेथे विचारण्याचा संकोच नसावा. दुसऱ्यात चिन्हाची चूक, एकक न लिहिणे, आकृतीला नावे न देणे अशा गोष्टी असतात. त्या सरावाने व फेरतपासणीने सुधारतात. तिसऱ्यासाठी घड्याळ लावून लिहिण्याची सवय हवी. गणिताच्या प्रत्येक भागाची लेखी परीक्षा 40 गुणांची आणि दोन तासांची, म्हणजे एका गुणास तीन मिनिटे. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे, तो दोन गुणांच्या उदाहरणापाशी वीस मिनिटे अडून बसणार नाही.

पालकांची कसोटी याहून कठीण आहे. कमी गुणांची पत्रिका घेऊन मूल घरी येते, तेव्हा उंबरठ्यावर त्याची पावले जड झालेली असतात. त्या वेळी ‘किती पडले?’ याऐवजी ‘कुठे अडले?’ असे विचारले गेले, तर मूल पत्रिका स्वतः उघडून दाखवते. शेजारच्या मुलाशी तुलना झाली, तर पुढची पत्रिका लपविली जाते आणि रोगाचे निदानच होत नाही.

दहावीत एखादा विषय राहिला म्हणून मुलीचे शिक्षण थांबवून स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो, मुलाला गल्ल्यावर बसविले जाते. असे निर्णय रागाच्या भरात होतात आणि जन्मभर पुरतात. वास्तविक पुरवणी परीक्षा अवघ्या काही महिन्यांत होते. एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेशही घेता येतो. एका पेढीत खोट आली म्हणून कोणी व्यापारच सोडून देत नाही. मग पंधरा-सोळा वर्षांच्या लेकरालाच दुसरी संधी का नाकारावी?

काही घरांत अभ्यासास स्वतंत्र कोपराही नसतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभारून भिन्न जातिधर्मांची मुले एका छताखाली आणली. त्यांचे कार्य थोर होतेच. परंतु परीक्षेपर्यंत आपल्या वाड्यातील एक खोली, एक दिवा आणि एक सतरंजी शेजारच्या मुलांसाठी मोकळी करणे कोणत्याही गृहस्थास शक्य आहे.

विद्यार्थी मित्रहो, आज रात्री झोपण्यापूर्वी एवढेच करावे : आज काय जमले आणि काय राहिले, हे एका ओळीत लिहून ठेवावे. उद्याचा आरंभ राहिलेल्यापासून व्हावा. सर्वांस परीक्षेसाठी मनःपूर्वक शुभेच्छा!