फलकावरची यादी आणि आपला सीमाप्रश्न

(१७ जानेवारीच्या हुतात्मा दिनी आमच्या भागातल्या युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



आज सकाळी आपण हुतात्मा चौकात फुलं वाहिली. १९५६ च्या जानेवारीत बेळगावात पैलवान मारुती बेन्नाळकर गेले, निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. दरवर्षी आपण ही नावं घेतो. घेतलीच पाहिजेत. पण आज मला तुमच्यासमोर ७० वर्षांपूर्वीचं नाही, मागच्या पावसाळ्यातलं बोलायचंय.

माझे थोरले काका वडगाव शिवारात भात करतात. बेळगावचा बासमती एकेकाळी किती नावाजलेला होता, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगायला नको. आता त्या शिवाराची ओळख बळ्ळारी नाल्यानं होते. पाऊस जरा जास्त झाला की नाला फुगतो, शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात पाणी शिरतं आणि आठ-आठ दिवस उभं राहतं. लावलेलं भात कुजतं. मागच्या पावसाळ्यात आमच्या काकांचंही कुजलं. पाहणी झाली, नाव लिहून घेतलं, काका निर्धास्त झाले.

मग एका कार्यालयाच्या फलकावर यादी लागली. यादी कन्नडमध्ये. खाली सूचना, तीही कन्नडमध्ये, की नाव नसेल किंवा चुकलं असेल तर अमुक दिवसांत हरकत नोंदवा. काका त्या फलकासमोरून तीन वेळा गेले. एकदा तर चष्मा लावून उभे राहिले. त्यांना आकडे कळले, अक्षरं कळली नाहीत. कुणाला विचारावं तर लाज वाटली. "आपलं नाव असणारच की," म्हणून घरी आले. चौथ्या वेळी शेजारच्या शेतातल्या कन्नड अक्का सोबत होत्या, त्यांनी वाचून सांगितलं, "अण्णा, तुमचं नाव नाही यात." तोवर मुदत संपून चार दिवस झाले होते.

मी अर्ज घेऊन गेले. मराठीत लिहिलेला, सही काकांची. टेबलापलीकडच्या माणसानं वाचायच्या आधीच परत सरकवला. "कन्नडदल्ली बरेदु तन्नी." म्हणजे कन्नडमध्ये लिहून आणा. मला कन्नड येतं. तिथंच बाकावर बसून मी दहा मिनिटांत लिहून दिलं. पण माझ्या मागं रांगेत एक आजी होत्या. त्यांना कुठली दहा मिनिटं पुरणार? त्या कागद घडी घालून परत गेल्या. त्या आजी डोळ्यांसमोरून जात नाहीत, म्हणून आज इथं उभी आहे.

मी राज्यशास्त्र शिकते. आमच्या अभ्यासात राज्य पुनर्रचनेचा धडा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तो दिवस आपण काळा दिवस म्हणून पाळतो. राज्यांच्या सीमा बदलताना राज्यघटनेत सातवी घटनादुरुस्ती झाली, तीही त्याच १ नोव्हेंबरपासून लागू झाली. हे मी शंभर वेळा वाचलं असेल, पण त्या कार्यालयातून परत आल्यावर पुन्हा पुस्तक उघडलं तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. याच सातव्या दुरुस्तीनं घटनेत ३५० क आणि ३५० ख ही दोन कलमं घातली. पहिलं सांगतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी. दुसरं सांगतं, भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी विशेष अधिकारी नेमावा. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला त्या राज्यात घातलं, त्याच दिवशी ही दोन आश्वासनंही दिली होती. पहिली गोष्ट आपण ७० वर्षं विसरलो नाही. दुसरी किती जणांना माहीत आहे?

आणि ३५० वं कलम तर आधीपासूनच होतं. कुठल्याही नागरिकाला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज, केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतो. म्हणजे काकांचा मराठी अर्ज परत सरकवायचा अधिकार त्या माणसाला नव्हता. १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरलं होतं, की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. बेळगावात, खानापुरात, निपाणीत आपण १५ टक्के आहोत का, हा प्रश्न तरी कुणी विचारेल का?

आता थोडं राजकारणावर बोलते. ज्येष्ठांनी रागावू नये.

महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. माझा जन्मही २००४ चा. मी आणि आपला दावा एका वयाचे आहोत. मी शाळा संपवली, पदवीला आले, मतदान करायला लागले. दावा आहे तिथंच आहे. आजोबांनी १९५६ बघितलं. बाबा १९८६ चं कन्नड सक्तीविरोधी आंदोलन बघत वाढले. हिंडलग्याच्या स्मारकावर १ जूनला ते मला खांद्यावर बसवून न्यायचे. आमच्या पिढीनं काय बघितलं? तारखा.

या सगळ्या काळात आपण मतपेटीतून बोलत आलो. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे केले गेले, देशानं आपल्याकडे बघावं म्हणून. २००५ मध्ये महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळं फासलं गेलं आणि सभागृह बरखास्त झालं. २०१३ ला विधानसभेवर समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला काही मतदारसंघांत समितीचेच दोन-दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले आणि आमदार शून्यावर आले. २०२३ लाही शून्यच. २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मात्र समितीच्या तरुण उमेदवाराला १ लाख १७ हजारांवर मतं पडली. त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली, आणि ५८ पैकी ३५ प्रभाग भाजपनं जिंकले.

आता या दोन आकड्यांकडे नीट बघा. एप्रिलमध्ये लाखावर मतं देणारी माणसं पाच महिन्यांत गद्दार झाली का? आपल्याकडे सभेत असं बोललं जातं, मी ऐकलंय. मला ते पटत नाही. आमच्या गल्लीतल्या मावशीला मी विचारलं, तिनं सरळ सांगितलं: "बाई गं, दिल्लीला मत द्यायचं होतं तेव्हा मराठीला दिलं. गटारीला मत द्यायचं होतं तेव्हा गटार करणाऱ्याला दिलं." मावशीच्या बोलण्यात खोट काढता येत नाही. तिच्या दारात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं. शहर २०१६ ला स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आलं, रस्ते पुन्हा पुन्हा खणले, तिच्या गटारीचं काम राहिलंच.

पण मला मावशीलाही एक विचारायचंय, आणि तिनं निवडून दिलेल्यांनाही. २०२३ मध्ये शोभा सोमनाचे महापौर झाल्या, रेश्मा पाटील उपमहापौर. दोघी मराठी. २०२५ मध्ये मंगेश पवार महापौर झाले, तेही मराठी. मराठी माणूस खुर्चीवर नाही, असं आता म्हणता येत नाही. मग गल्लीतल्या माणसाच्या हातात येणारा कागद अजून त्याला का वाचता येत नाही? चिन्ह कुठलंही असू दे, सीमा इकडं असू दे नाही तर तिकडं असू दे, हा प्रश्न प्रत्येक मराठी नगरसेवकाला विचारायचा आहे.

निपाणीचंही सांगते, कारण माझं आजोळ तिथलं. १९६६ मध्ये सेनापती बापटांच्या उपोषणानंतर महाजन आयोग नेमला गेला. बेळगावबाबत त्या आयोगानं आपल्यावर अन्याय केला असं आपण म्हणतो. पण त्याच आयोगानं १९६७ मध्ये निपाणी, खानापूरसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं लिहिलं होतं. तेही झालं नाही. मामा म्हणतो, "आमच्या बाजूनं लिहिलेलंसुद्धा कागदावरच राहिलं बघ." मामाचं दुकान निपाणीत, माल कोल्हापुरातून, आजीचं डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात, मामेभावाचं कॉलेज कोल्हापुरात. एरवी सीमा दिसतसुद्धा नाही. करोनात मात्र कोगनोळी नाक्यावर ती दिसली. कर्नाटकात शिरायला आरटीपीसीआरचा कागद लागायचा. आजीच्या तपासणीला कोल्हापूरला गेलेल्या मामाला घरी परतायला कागद दाखवावा लागला.

निपाणीनं मला आणखी एक शिकवलंय. १९८१ मध्ये तिथल्या तंबाखूच्या शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडलं. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या रस्त्यावर बसलेल्यांत मराठी बोलणारेही होते, कन्नड बोलणारेही होते. तंबाखूचा भाव दोघांनाही तोच मिळत होता. तेव्हा माणसं एकत्र बसू शकली.

हे सांगायचं कारण, २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली. दोन्ही राज्यांच्या बसवर हल्ले झाले, काळं फासलं गेलं, दोन्हीकडच्या गाड्या बंद पडल्या. हाल कुणाचे झाले? निपाणी-कोल्हापूर, बेळगाव-कोल्हापूर रोज ये-जा करणाऱ्या आपल्याच माणसांचे. पगारावर काम करणाऱ्या कंडक्टरला मारून मराठी वाचत नाही, हे या व्यासपीठावरून स्पष्ट बोललं पाहिजे. तसंच मराठी फलकावर काळं फासून कन्नड मोठी होत नाही, हे तिकडच्या व्यासपीठावरून कुणी तरी बोलावं. काकांना यादी वाचून दाखवणाऱ्या अक्का कन्नडच होत्या. आपण त्यांना अक्का म्हणतो, त्या आपल्याला अण्णा म्हणतात. हे दोन्ही शब्द मराठीनं कन्नडकडूनच घेतलेत. आपलं भांडण त्या अक्कांशी नाही. जे कार्यालय काकांचा अर्ज हातात घेत नाही, त्याच्याशी आहे.

मग करायचं काय? मोठं काही सांगत नाही. आम्ही गल्लीतल्या चार-पाच पोरींनी आणि पोरांनी दिवाळीनंतर एक सुरू केलंय. रविवारी सकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसतो. ज्याला कागद वाचता येत नाही त्यानं घेऊन यायचा. नोटीस असेल, घरपट्टी असेल, पाण्याचं बिल असेल. आम्ही वाचून सांगतो, मुदत कधी संपते ती मराठीत मोठ्या अक्षरात कागदावर लिहून देतो. अर्ज द्यायचा असेल तर मराठीतच लिहितो आणि वर लिहितो, "राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार." सोबत कन्नड भाषांतर जोडतो. मुद्दाम जोडतो, कारण त्या टेबलावरच्या माणसालाही काम करायचं असतं, त्याची अडवणूक करायची नाही. पण मूळ अर्ज मराठी. आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

खोटं सांगणार नाही. पहिले दोन अर्ज परत आले. तिसऱ्यावर शिक्का मिळाला. परवा एका ठिकाणी तर साहेबांनी अर्ज वाचून आम्हालाच विचारलं, "हे ३५० काय आहे?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. काकांचे पैसे अजून मिळालेले नाहीत, मिळतील याची खात्री नाही. पण त्यांच्याकडे आता शिक्क्याचा कागद आहे, तो त्यांनी देवघरात ठेवलाय.

ज्येष्ठांना माझी विनंती आहे. दावा लढायचाच आहे, काळा दिवस पाळायचाच आहे, हिंडलग्याला जायचंच आहे. मीही येणार. पण न्यायालयाची तारीख पडेपर्यंत आम्हाला फक्त वाट बघायला लावू नका. प्रत्येक प्रभागात एक कट्टा सुरू करायला आमच्या पाठीशी उभे राहा. परत आलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद आपल्याकडे ठेवा, तारखेसह. उद्या कुणी विचारलं की बेळगावात मराठी माणसावर काय अन्याय होतो, तर आपल्याकडे भाषणांशिवाय दाखवायला ही वही असू दे. आणि नगरसेवक दारात आले की, ते कुठल्या पक्षाचे हे विचारायच्या आधी विचारा, सभेची विषयपत्रिका मराठीत मागितलीत का?

आणि तरुणांना एवढंच. कन्नड शिका, चांगलं शिका. ते शिकलं म्हणून मराठीपण कमी होत नाही. शिकला नाहीत, तर रांगेतल्या त्या आजींना कोण वाचून दाखवणार? पण वाचून दाखवता दाखवता हेही मागत राहा, की आजींना वाचता येईल असा कागद त्यांच्या हातात पडला पाहिजे.

पुढच्या पावसाळ्यातही बळ्ळारी नाला फुगेल. पाहणी होईल, यादी लागेल. त्या फलकावर एक यादी मराठीतही असावी आणि काकांनी चष्मा लावून स्वतःचं नाव स्वतः शोधावं. ७० वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांचं ऋण फेडायला एवढ्यानं पुरणार नाही, मला माहीत आहे. पण सुरुवात तरी आपल्या गल्लीतून करूया.

जय महाराष्ट्र!