जुनी भिंत आणि नवें सिमेंट
(ज्युबिलीच्या पूर्वतयारीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें आपलें जुनें प्रभुमंदिर पाडून तेथें काँक्रीटचें नवें उभारावें, अशी सूचना पुष्कळांनीं केली आहे. सणासुदीस जागा अपुरी पडते, हें खरेंच. तथापि हात वर करण्यापूर्वीं रुपयांच्या हिशेबाबरोबर हवेचाही हिशेब मांडणें मला अगत्याचें वाटतें. आपल्या सामायिक घराची निगा राखा, असें पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकांत कळकळीनें सांगितलें आहे.

सिमेंटसाठीं चुनखडी व माती भट्टींत सुमारें १४५० अंशांपर्यंत तापवितात. कोळशाचा धूर तर होतोच. परंतु खुद्द चुनखडीच्या पोटांतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि एकूण वायूचा अर्ध्याहून अधिक भाग हाच. म्हणजे इंधन कितीही निर्मळ वापरा, हा वायु निघणारच! जगांत मनुष्याच्या उद्योगांनीं जो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो, त्यांपैकीं शेंकडा ७ ते ८ भाग एकट्या सिमेंटचा आहे. वजनास वजन धरल्यास पोलाद अधिक जड ठरतें. खनिजापासून एक टन पोलाद करतांना सुमारें दोन टन वायु निघतो. मोडीपासून केल्यास पुष्कळ कमी. काँक्रीट त्यामानानें सौम्य. पण तें आपण ओततों किती!

आपल्या पूर्वजांनीं वापरलेला चुनाही भाजावाच लागे, मात्र सुमारें ९०० अंशांवर. आणि भिंतींत गेल्यावर तो हवेंतील तोच वायु हळूहळू परत शोषून घट्ट होतो. भट्टीच्या जळणाचा धूर कांहीं परत येत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. लाकडाची गोष्ट निराळी. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो, आणि वासा छपरावर आहे तोंवर तो तेथेंच कोंडलेला राहतो. अर्थात् तोडलेल्या झाडाच्या जागीं दुसरें वाढलें तरच! पॅरिसच्या नोत्र दामचें छप्पर २०१९ सालीं जळालें, तेव्हां तेथील लोकांनीं पुन्हां ओकचेंच लाकूड चढविलें.

आपल्या दगडी भिंतींसाठीं जो धूर व्हावयाचा तो केव्हांच होऊन गेला. त्या पाडल्या तर तो वायां जाईल, आणि नवा धूर वर.

म्हणून माझी सूचना अशी: भिंती व सागवानी छप्पर ठेवावें, बाजूस लाकडी खांबांची पडवी काढावी, आणि सिमेंट पायापुरतेंच, तेंही पोलाद कारखान्यांतील स्लॅग मिसळलेलें घ्यावें. इंजिनिअरांनीं वासे तपासून कुजके निघाल्यास तेवढेच बदलावे. आराखडा रविवारीं मिस्सेनंतर पडवींत लावूं. तो पाहून मगच मत द्या.