आधी तिला वाचून दाखवू

आमच्या संघटनेचा ब्लॉग मी लिहिते. पूर्वी थेट इंटरनेटवरच लिहायचे. एकदा घाईत ‘प्रकाशित करा’चं बटण दाबलं आणि एका बाईच्या हकिगतीत तिच्या गावाचं नाव तसंच गेलं. दहा मिनिटांत काढलं. तेवढ्यात तिच्या दिरानं वाचलं होतं.

म्हणून ‘ओपन लाइव्ह रायटर’ वापरून पाहिलं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ‘लाइव्ह रायटर’चा कोड डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांना खुला झाला, त्यातून हे आलं. फुकट आहे. लिहिलेलं आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं, इंटरनेट लागतं ते पाठवताना. मी तर वायर काढूनच बसते! पुढची हकिगत त्या बाईला शेजारी बसवून वाचून दाखवली. नवऱ्याच्या कारखान्याचं नाव तिनं काढायला लावलं. मारहाणीचं मी गाळत होते, तर म्हणाली, “ते राहू द्या ताई.”

एक मात्र खटकलं. कच्चे मसुदे ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फोल्डरात उघडेच साठतात, आणि आमच्या कॉम्प्युटरवर कोणीही येऊन बसतं. लेख गेला की आता मी मसुदा पुसते, मग रिसायकल बिनही रिकामी करते.